एच पट्टी उघडली, पण सी३ कोण राखणार?

पटावरची पत्रं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. पहिल्या उत्तरातच निम्म्याहून जास्त जागा गेली, त्याला इलाज नाही. बुद्धिबळाचा पट मांडून बसा. घरं नेहमीसारखी पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून ए ते एच, आणि पांढऱ्याकडून वर १ ते ८. पट्टी म्हणजे उभी रांग; आपलं प्यादं तिथून हटलं की ती आपल्या हत्तीसाठी उघडली.

*

इचलकरंजीहून अकरावीतला एक विद्यार्थी विचारतो : सर, सिसिलियन ड्रॅगनविरुद्ध मी पांढऱ्याकडून युगोस्लाव्ह अटॅक खेळतो. पंधरा चाली पाठ आहेत. एच पट्टी उघडली की मात होते असं एका व्हिडिओत पाहिलं. पण गेल्या चार डावांत पट्टी मी उघडली आणि मात मलाच झाली. एका डावाची नोंद सोबत पाठवतोय. पाठांतर कमी पडतंय का?

पाठांतर जास्त झालंय.

तुझी स्कोअरशीट सकाळी चहाबरोबर मांडून पाहिली. अक्षर सुंदर आहे, डाव भयानक. इतर वाचकांसाठी : सिसिलियन ड्रॅगन ही काळ्याची डावाची एक सुरुवात, युगोस्लाव्ह अटॅक हा तिच्यावरचा पांढऱ्याचा हल्ला. आधी तुझ्या पंधरा चाली : १. ई४ सी५ २. घोडा एफ३ डी६ ३. डी४, काळ्यानं ते प्यादं घेतलं ४. घोड्यानं परत घेतलं, घोडा एफ६ ५. घोडा सी३ जी६ ६. उंट ई३ उंट जी७ ७. एफ३ आणि काळ्याचा छोटा किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा कडेला नेणं) ८. वजीर डी२ घोडा सी६ ९. उंट सी४ उंट डी७ १०. मोठा किल्लेकोट, हत्ती सी८ ११. उंट बी३ घोडा ई५ १२. एच४ घोडा सी४ १३. उंटानं घोडा घेतला, हत्तीनं उंट घेतला १४. एच५, घोड्यानं ते प्यादं घेतलं १५. जी४, घोडा परत एफ६ वर.

इथवर सगळं ठीक. पण यातली एकेक चाल का आहे हे माझ्या वर्गातल्या पोरांना विचारलं, तर दहातली आठ गप्प बसतात. एफ३ कशाला? काळ्याचा घोडा जी४ वर येऊन तुझ्या ई३ च्या उंटाला त्रास देऊ नये, ई४ ला टेकू मिळावा आणि पुढे जी४ ढकलता यावं म्हणून. वजीर डी२ वर का? उंटाच्या पाठीशी उभा राहून एच६ वर नजर ठेवायला, आणि मोठ्या किल्लेकोटाची वाट मोकळी करायला. आणि सी४ चा उंट? तो एफ७ कडे बघतो म्हणून सगळे खूश असतात, पण त्याचं खरं काम डी५ अडवणं हे आहे. काळ्याला मध्यभागी डी५ आयतं मिळालं तर बाजूचा हल्ला कोमेजतो. या उंटापायी तुझ्या चाली खर्च होतात, त्याला बी३ वर पळावं लागतं, शेवटी घोड्याच्या बदल्यात तो जातोही. ती किंमत डी५ साठी मोजलेली असते.

आता पंधराव्या चालीनंतरचा पट. एच पट्टी उघडी आहे, त्यासाठी एक प्यादं गेलंय. काळ्या राजाच्या दारात दोन राखणदार : जी७ चा उंट आणि एफ६ चा घोडा. माझ्या वर्गात मी इथं एक खेळ करतो. एफ६ चा घोडा हातानं उचलून पटाबाहेर ठेवायचा, दोन्हींकडचे काळ्या घरांचे उंटही बाजूला काढायचे, पांढरा वजीर एच६ वर मांडायचा. काय दिसतं? वजिरानं एच७ घेतलं की मात. आता घोडा परत एफ६ वर ठेव. मात नाही. म्हणजे तुझा हल्ला एच पट्टीवर नसून त्या एका घोड्यावर आहे. पट्टी नुसता रस्ता आहे. रस्ता झाला म्हणून गाव हाती येत नाही.

सोळाव्या चालीला तू काय केलंस? उंट एच६. व्हिडिओत तसंच असणार. समोरच्यानं घोड्यानं ई४ चं प्यादं मारलं आणि स्कोअरशीटवर तू तिथं स्वतःच प्रश्नचिन्ह काढलंयस. त्याची ही चाल कुठून आली? तुझा डी४ चा घोडा ई३ चा उंट आणि डी२ चा वजीर मिळून सांभाळत होते. तू उंट उचललास. काळ्याचा सी४ चा हत्ती आधीच डी४ कडे बघत होता, आणि एफ६ चा घोडा बाजूला होताच जी७ च्या उंटाचीही नजर तिथं पोचली. वर घोडा तुझ्या वजिरावर. ई४ वर घोडा मारावा तर डी४ चा घोडा जातो. तू वजीर ई३ वर नेलास, ते योग्यच. त्यानं हत्तीनं सी३ चा घोडा मारला, तू बी पट्टीवरच्या प्याद्यानं हत्ती घेतलास, त्याचा घोडा शांतपणे एफ६ वर परतला.

आता हिशोब कर. तुझा हत्ती वर, त्याच्याकडे घोडा आणि दोन प्यादी. कागदावर डाव जवळजवळ सारखा. पण तुझ्या राजापुढची भिंत पडली आणि त्याचा राखणदार होता तिथंच आहे. पुढच्या वीस चालींत काय झालं ते मी इथं छापत नाही, तुझे आईवडील हे मासिक वाचत असतील.

माझ्यावर हीच पाळी आलेली आहे. सांगलीत उन्हाळ्यात बुद्धिबळाच्या स्पर्धा भरत, त्यातल्या एकीत, मी विशीत असताना. समोर कऱ्हाडचे एक पोस्टमास्तर, पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात अडकित्ता. मी एच पट्टी उघडली, हत्ती तिकडे लागला, आणि उठून चहा प्यायला गेलो. परत आलो तर सी३ वर घोड्याऐवजी त्यांचा हत्ती उभा. माझा घोडा त्यांनी घड्याळाशेजारी नीट उभा करून ठेवला होता, आडवा टाकला नव्हता. डाव संपल्यावर म्हणाले, "मास्तर, पुढचं दार फोडायला निघालात ते बरं केलंत, पण मागचं लावलं होतं का?" तेव्हा मी मास्तर नव्हतो, नुकताच बी.एड.ला गेलो होतो. तो "मास्तर" फार लागला.

सी३ हे मागचं दार. ड्रॅगनमधला काळा खेळाडू हत्ती देऊन सी३ चा घोडा घेतो तेव्हा तो चिडून काही करत नसतो. त्या एका घावात तुझ्या राजासमोरची प्यादी एकावर एक चढतात, ई४ चा आधार सुटतो, आणि त्याचा वजीर ए५ वर, दुसरा हत्ती सी८ वर आला की तुझ्या राजाला बसायला जागा राहत नाही. म्हणून मोजायला शीक. तुला काय काय हवंय? उंट एच६, उंटांची अदलाबदल, वजीर एच६, मग जी५ ढकलून घोडा हलवायचा, मग एच७. पाचेक चाली. त्याला? वजीर ए५, हत्ती सी८, हत्तीनं सी३. तीन. तीन आणि पाचाच्या शर्यतीत तू पळत सुटतोस आणि मग म्हणतोस पाठांतर कमी पडलं.

यावर उत्तर आहे, आणि ते १९७४ मध्ये मॉस्कोत पटावर मांडलं गेलं. कँडिडेट्सची, म्हणजे जगज्जेत्याला कोण आव्हान देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेची, अंतिम लढत, कार्पोव्ह विरुद्ध कोर्चनॉय, दुसरा डाव. (ती लढत कार्पोव्हनं साडेबारा-साडेअकरा अशी जिंकली, आणि पुढच्या वर्षी फिशर खेळायलाच न आल्यामुळं तोच जगज्जेता झाला.) चालींचा क्रम थोडा वेगळा, पण पंधराव्या चालीनंतर पट अगदी तुझाच. आता सोळावी. जगात त्या घडीला हल्ला करायला बसलेला माणूस काय खेळेल? कार्पोव्हनं डी४ चा घोडा मागे ई२ वर घेतला.

मागे! वर्गात ही चाल दाखवली की पोरं हसतात. पण बघ, डी४ वर आता काही लटकत नाही, आणि सी३ च्या घोड्यामागे दुसरा घोडा उभा राहिला. हत्तीनं सी३ मारलं तर ई२ चा घोडा परत घेईल, प्यादी जागच्या जागी राहतील. मागचं दार लागलं. मग १६... वजीर ए५ १७. उंट एच६ उंटानं उंट घेतला १८. वजिरानं परत घेतला, दुसरा हत्ती सी८ वर. तोच उंट एच६, पण एका चालीनं उशिरा आणि आता बिनघोर.

१९. हत्ती डी३. पुन्हा शांत चाल. हत्तीनं आडव्या ओळीतून सी३ धरलं, म्हणजे ई२ च्या घोड्याची राखणीतून सुटका झाली, आता तो एफ४ वर जाऊ शकतो. कोर्चनॉयनं पुढचा हत्ती सी५ वर घेतला, पाचवी ओळ अडवायला. २०. जी५! काळ्या घोड्याच्या तोंडावर. घोडा एच५ वर जावा तर पांढऱ्याचा घोडा एफ४ वर येऊन त्याचा पिच्छा पुरवतो, म्हणून हत्तीनंच ते प्यादं घेतलं. २१. हत्ती डी५!! जो हत्ती आत्तापर्यंत दार राखत होता तोच उठून पुढे आला. एफ६ च्या घोड्यानं त्याला मारलं तर वजीर एच७ शह, राजा एफ८, वजीर एच८ मात. आपण सुरुवातीला घोडा उचलून जे पाहिलं तेच. म्हणून हत्तीनं हत्ती घेतला, २२. घोड्यानं घेतला, हत्ती ई८ २३. ई२ चा घोडा एफ४ वर, उंट सी६.

इथं जरा थांब, पुढची चाल झाकून ठेव. हात शिवशिवतो तो एफ६ वर घोड्यानं घोडा मारायला. मारला, प्याद्यानं परत घेतला, आणि दुसरा घोडा एच५ वर नेऊन जी७ वर मातेची धमकी दिली. झालं? नाही. ए५ चा काळा वजीर पाचव्या ओळीतून सरळ जी५ वर येतो, शह देतो आणि वजिरांची अदलाबदल होते. हल्ला संपला. कार्पोव्हनं २४. ई५ ढकललं. एक साधं प्यादं, पाचव्या ओळीत अडसर म्हणून. काळ्यानं ते डी प्याद्यानं खाल्लं तरी अडसर राहतोच, फक्त रंग बदलतो. कोर्चनॉयनं उंटानं डी५ चा घोडा घेतला, २५. प्याद्यानं एफ६ चा घोडा, प्याद्यानं परत २६. वजिरानं एच७ घेऊन शह, राजा एफ८ २७. वजीर एच८ शह, आणि कोर्चनॉयनं डाव सोडला.

मोजून सांग, यातल्या किती चाली थेट राजावर होत्या आणि किती सी३ आणि पाचव्या ओळीसाठी. मग पुढच्या डावात सोळाव्या चालीला पाच मिनिटं खर्च कर. हल्ल्याचा वेळ तिथं घालवायचा असतो, शेवटच्या शहांना कुणालाही सुचतं.

*

डोंबिवलीहून एक वाचक, वय पंचेचाळीस : मी नेमका उलट्या बाजूला आहे. वीस वर्षं काळ्याकडून ड्रॅगन खेळतोय, रेटिंग सोळाशेच्या घरात. क्लबातली मुलं म्हणतात कॉम्प्युटरनं ड्रॅगनचा निकाल लावलाय. सोडून देऊ का? दुसरं, बरेच जण हल्ला करायच्या आधी राजा बी१ वर का सरकवतात? एक चाल फुकट जात नाही का?

क्लबातल्या मुलांना विचारा, त्यांच्यापैकी कॉम्प्युटर किती जण आहेत. विसाव्या चालीला मशीन पांढऱ्याला थोडं बरं दाखवतं, पण शनिवारी संध्याकाळी लोकल पकडून दमून आलेल्या माणसाला ते पुरं करता येतं असं नाही. १९९५ मध्ये न्यूयॉर्कला, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७ व्या मजल्यावर, जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारोव्हनं आपल्या आनंदविरुद्ध अकराव्या डावात अचानक ड्रॅगन काढला. नंतर तेराव्या, पंधराव्या आणि सतराव्या डावातही. दोन जिंकले, दोन बरोबरीत. नवव्या डावात आनंद जिंकून पुढे गेला होता, आणि त्याच्याइतकी तयारी त्या काळात कुणाची असेल? ते दोन पराभव बघताना आम्ही इथं कपाळाला हात लावून बसलो होतो, हे सांगताना अजून आवाज जरा खाली जातो.

तुम्हाला वरच्या कार्पोव्हच्या डावाची धास्ती असेल तर बाराव्या चालीला, पांढऱ्यानं एच४ ढकलल्यावर, घोडा सी४ ऐवजी स्वतःच एच५ खेळून पहा. अमेरिकन ग्रँडमास्टर अँड्र्यू सोल्टिसचं नाव या प्रकाराला आहे. किल्ल्यापुढचं प्यादं ढकलणं डोळ्याला खुपतं, मलाही वीस वर्षं खुपत होतं. पण पांढऱ्याचं एच प्यादं तिथंच अडतं, पट्टी उघडायला त्याला जी४ वर आणखी काहीतरी द्यावं लागतं, आणि तेवढ्यात तुमचं सी३ जवळ येतं. पंचेचाळिसाव्या वर्षी ओपनिंग बदलणं म्हणजे चष्म्याचा नंबर उतरेल अशी वाट पाहणं. खेळत राहा.

राजा बी१ : फुकट नाही. सी१ वर राजा दोन रेषांत सापडतो, सी पट्टीवर आणि सी१ पासून एच६ पर्यंतच्या कर्णावर. त्या कर्णावर काळ्याचा कुठलाही शह तुमच्या मातेच्या आड येतो, वरच्या उत्तरात जी५ वरचा वजीर आठवा. बी१ वर दोन्ही सुटतात आणि ए२ ही राखलं जातं. १९५८ मध्ये पोर्तोरोझला १५ वर्षांच्या फिशरनं लार्सनविरुद्ध हेच केलं. तेराव्या चालीला, काळी प्यादी अंगावर येत असताना, राजा बी१. मग एच४, एच५, पट्टी उघडली, जी५ नं घोड्याला एच५ वर हाकललं आणि बाविसाव्या चालीला त्या घोड्यावर हत्तीच दिला. एकतीस चालींत डाव खलास. तिथंही राखणदार घोडाच गेला. मात्र तुमच्याकडे घाई असेल आणि समोरच्याला तीनच चाली लागणार असतील, तर बी१ चैन ठरते. कार्पोव्हनं मॉस्कोत राजा सी१ वरच ठेवला, हे लक्षात घ्या.

*

सोलापूरहून एक आई : माझी मुलगी नऊ वर्षांची. नागपूरच्या दिव्या देशमुखनं गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, बटुमीला महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून तिनं ध्यास घेतलाय. क्लासमध्ये तिला हा युगोस्लाव्ह हल्ला शिकवायला घेतलाय, वहीभर चाली लिहून आणते. रात्री पाठ करताना रडते. योग्य आहे का?

नाही. ताई, ती वही काही महिने कपाटात ठेवा. नऊ वर्षांच्या पोरीनं ई४ ई५, घोडा, इटालियन उंट, किल्लेकोट, असं खेळावं आणि भरपूर चुकावं. उलट बाजूंना किल्लेकोट केलेले डाव म्हणजे एक चाल इकडची तिकडे झाली की मात. त्यात मुलं शिकत नाहीत, घाबरतात. तिला चाल लिहायला लावण्याऐवजी चालीचं कारण तोंडी सांगायला लावा, तुम्हाला खेळ येत नसला तरी चालेल. तिचं कारण तुम्हाला कळलं नाही, तर बहुतेक तिलाही कळलेलं नसतं. क्लासच्या सरांशी गोडीनं बोला. रागावू नका, फी भरलेली असते.

*

रत्नागिरीहून एक निवृत्त वाचक, पोस्टकार्डावर : ड्रॅगन आणि युगोस्लाव्ह ही नावं आली कुठून?

पोस्टकार्ड पाहून बरं वाटलं. ड्रॅगनचं श्रेय फ्योदोर दुझ-खोतिमिर्स्की या रशियन साम्राज्यातल्या खेळाडूला देतात. त्याला आकाश बघायचा नाद होता, आणि काळ्याच्या डी६, ई७, एफ७, जी६, एच७ या प्याद्यांची वळणदार रांग त्याला कालिय तारकासमूहासारखी, म्हणजे ड्रॅकोसारखी, दिसली असं सांगतात. आकाश निरभ्र असेल तर ध्रुवाभोवती पाहून पटावरची रांग जुळते का ते तुम्हीच ठरवा. मला कधी जुळली नाही, पण माझे डोळे अधू आहेत. युगोस्लाव्ह हे नाव एफ३, वजीर डी२ आणि मोठा किल्लेकोट या मांडणीचा कसून अभ्यास करणाऱ्या तिथल्या खेळाडूंवरून पडलं. रशियन मंडळी तिलाच राऊझरचा हल्ला म्हणतात.

*

दुरुस्ती : गेल्या अंकातल्या कोड्यात पांढरा घोडा सी३ ऐवजी सी६ वर छापला गेला. सतरा वाचकांनी कळवलं, त्यातल्या तिघांनी सी६ वरूनही मात काढून पाठवली. तिन्ही उत्तरं मी मांडून पाहिली. दोन बरोबर आहेत.